पाय न लागलेला गाडा

“हा एवढा उंच गाडा कोणाले बनवला, मोहिउद्दीनभाऊ?”

इंदूबाईंनी सहज विचारलं आणि मोहिउद्दीनचाचांचा रंधा फळीवर जागच्या जागी थांबला.

इंदूबाई आल्या होत्या नातवासाठी पांगुळगाडा सांगायला. लेक सुरभी सुट्टीत माहेरी आली होती, तिचं पोरगं पलंगाची कड धरून उभं राहायला लागलं होतं. आणि घाटंजीत पोरगं उभं राहिलं की घरातलं कोणीतरी मोहिउद्दीन सुताराच्या दुकानाची वाट धरतं, हे ठरलेलंच. इंदूबाईंची दोन्ही लेकरं, रजत आणि सुरभी, चाचांच्याच गाड्यामागे चालायला शिकली होती. आता त्यांची नजर गेली ती कोपऱ्यात, फळ्यांच्या आड उभ्या असलेल्या एका गाड्याकडे. खाली तीन चाकं, तिकोनी चौकट, वर धरायला आडवी दांडी, सगळं पांगुळगाड्यासारखंच. फक्त ती दांडी थेट इंदूबाईंच्या कमरेपर्यंत आलेली.

“हा धरून कोणतं लेकरू चालीन, बावा? हा त माह्याच कामाचा हाय. गुडघे लय दुखतेत, नेऊ का घरी?” इंदूबाई स्वतःच्या बोलण्यावर खळखळून हसल्या.

“तो द्यायचा नाही, वहिनी,” चाचा म्हणाले. “तुमच्यासाठी दुसरा बनवतो. पुढच्या बाजारी या.”

इंदूबाईंचं हसू ओसरलं, कारण तेवढ्यात त्यांना दुकानामागच्या खोलीचं दार दिसलं आणि दारातल्या चटईवर, भिंतीला लोड लावून बसवलेला चाचांचा सहा वर्षांचा नातू अरसलान दिसला. त्याचे पाय पुढे सरळ पसरलेले होते, कोणीतरी उचलून ठेवल्यासारखे. पोर त्यांच्याकडे पाहून तोंडभर हसलं. इंदूबाईंनी पदर सावरला, “येतो मंग,” म्हणाल्या आणि दुकानापुढचा उतार जपून उतरून गेल्या.

चाचांनी रंधा पुन्हा उचलला, पण हात चालेना.

त्यांच्या गाड्यांच्या दोन रीती गावाला पाठ होत्या. एक म्हणजे चाकांना तेल घालायचं नाही. चाक कुरकुरलं पाहिजे. त्या आवाजाच्या गमतीने लेकराचं पुढचं पाऊल पडतं, आणि आईला चुलीपाशी बसल्या बसल्या कळतं की पोरगं कुठवर पोचलं. दुसरी रीत पाय लावण्याची. नवा गाडा कोराच्या कोरा कोणाला द्यायचा नाही. गल्लीतलं नुकतंच चालायला लागलेलं पोर बोलवायचं, दांडी त्याच्या मुठीत द्यायची आणि दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारून घ्यायची. लागले गाड्याला पाय! असा गाडा लेकराला लवकर चालवतो, असं चाचांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि गावानेही ते निमूट मानलं होतं. बाया आल्या की लाकूड कोणतं हे विचारणार नाहीत, पहिला प्रश्न, “पाय लावले का?”

एकाच गाड्याला चाचांनी पाय लावले नव्हते. अरसलानच्या. नातू पोटात होता तेव्हाच त्यांनी जुनं, पिकलेलं सागवान काढून ठेवलं होतं. त्याचा बनवला तसा गाडा त्यांच्या हातून पुन्हा झाला नाही. त्यांची बायको कमरुन्निसा म्हणाली होती, “पाय लावून घ्या न.” तर चाचा छाती फुगवून म्हणाले, “याले पहिला पाय माहा नातूच लावीन.” आजोबाचा तोरा, दुसरं काय!

अरसलान वर्षाचा झाला, दोनाचा झाला. बसवलं तर एका अंगावर कलंडायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जन्मताना लेकरू उशिरा रडलं, तेवढ्यात मेंदूला जी इजा व्हायची ती झाली. समज चांगली आहे, बोलणंही हळूहळू येईल, पण पायांचं सांगता येत नाही. घरच्यांनी ते ऐकलं आणि रडून घेतलं. चाचांनी फक्त ‘सांगता येत नाही’ एवढंच ऐकलं. सांगता येत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे? दर ईदला नव्या कपड्यांसाठी पोराचं माप निघायचं, तेव्हा चाचा गाड्याचंही माप काढायचे. पोराला काखेत धरून भिंतीशी उभं करायचं, “उचल पाय, बेटा, उचल!” म्हणायचं, आणि दांडी खाली राहिली असली की गाड्याच्या उभ्या दांड्यांना एकेक जोड द्यायचा. पोर वाढत गेलं तसा गाडाही वाढत गेला. मधल्या काळात कमरुन्निसा गेली. जाताना ती गाड्याबद्दल एक शब्द बोलली नाही, हेच चाचांना जास्त लागलं.

पाय लावून घेतले असते तर? हा विचार खुळा आहे हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग, तो रोज येत होता.

त्या संध्याकाळी त्यांची सून नाहिद चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली. ती बोरी अरबच्या शेतकरी घरातली. बापाबरोबर वावरात वाढलेली, त्यामुळे तिची वऱ्हाडी सासऱ्यापेक्षा पक्की आणि बोलणंही सडेतोड. नवरा साजिद राजूरला, कोळसा खाणीच्या गाड्यांवर मेकॅनिक. घरी यायचा तो सुट्टीपुरता. घरातले सगळे निर्णय तिला सासऱ्यांशीच बोलून घ्यावे लागत.

“अब्बा, शाळा उघडून राह्यली. मास्तरनं नाव लिवलं याचं. पण मी याले कडेवर घेऊन एवढ्या दूर नाही नेऊ शकत आता. कंबर धरते माही. गाडी घ्या लागते.”

“मी नेईन न.”

“तुम्ही? मशिदीची पायरी चढता त खांब धरता.”

चाचांनी चहा बशीत ओतला. “गाडीत बसवलं न, त बसूनच राहीन तो. पाय विसरून जाईन.”

“पायाले आठवण कधी होती अब्बा, की विसरतीन?”

बोलून गेली आणि तिची तीच चपापली. चाचा बशीकडे पाहत राहिले. चटईवरून अरसलान दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याला सगळं कळत होतं, हीच तर पंचाईत होती.

“तुम्हाले वाटते मी सोडून दिलं,” नाहिद खालच्या आवाजात म्हणाली. “नाही सोडलं. रोज मालिश करतो, रोज उभा करतो. पण सगळे पोट्टे शाळेत जाऊन राह्यले न हा माह्या खांद्याआडून त्यायले पाह्यते. चालीन तवा चालीन. तवरीक जगाले काय थांबवून ठेवू?”

चाचांनी बशी रिकामी केली. मग चाचा म्हणाले, “घेऊ. पण बाबागाडी घेऊ, लहान लेकराची. ते चाकाची खुर्ची माह्या घरात येणार नाही.”

नाहिदने वाद घातला नाही. सासऱ्याच्या मनातलं तिला न सांगताच समजलं. बाबागाडीतलं लेकरू एक ना एक दिवस उतरून पळतं. त्या दुसऱ्या खुर्चीतून उतरलेलं माणूस चाचांनी अजून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीने यवतमाळला गेले. नाहिद पोराला मांडीवर घेऊन बसली आणि चाचा पिशवी मांडीवर घेऊन. बाळांच्या सामानाच्या त्या मोठ्या दुकानात थंडगार हवा होती, भिंतीभर ससे आणि अस्वलं रंगवलेली होती. विमलताई नावाच्या विक्रेत्या बाईंनी एकेक बाबागाडी पुढे आणली. चाचा बाजारात बैल पारखावा तसे प्रत्येकीभोवती फिरले. चाक बोटाने फिरवून पाहिलं, दांडी दाबून पाहिली, घडी घालून पाहिली.

“चाकं पाहा केवढेशे हायेत,” नाहिद म्हणाली. “आपल्या गल्लीतल्या पह्यल्याच गोट्याले अडकीन हे.”

“ते मी बदलून देईन.” चाचांच्या मनात एक निळी गाडी भरली होती. वर छत होतं, छताला चांदण्या होत्या, पुढे खुळखुळ्यांची माळ होती. “बसव त्याले.”

नाहिदने अरसलानला त्यात बसवलं. त्याचे गुडघे वर आले, पट्टा पोटापर्यंत पुरेना, आणि छताने त्याचं डोकं पुढे झुकवलं. चाचांना हे दिसलं नाही असं नाही. त्यांनी तरीही दांडी धरली आणि गाडी पुढे ढकलली. चकचकीत फरशीवर ती सुरेख धावली. दुकानातली एक-दोन माणसं वळून बघायला लागली.

“दादा,” अरसलान आजोबांना म्हणाला. त्याचा एकेक शब्द वेळ घेऊन यायचा. “दादा... पाय.”

त्याचा एक बूट मुडपून गाडीखाली गेला होता आणि फरशीवर घासत होता. चाचा घाईघाईने खाली बसले. त्यांनी पाय सोडवला, बूट काढला, पाऊल दोन्ही हातांत घेऊन चोळलं. खाली बसूनच त्यांनी वर पाहिलं. “याची बैठक उंच नाही होत का, ताई? थोडीशी?”

“नाही होत, काका. हे तीन वर्सापर्यंतच्या लेकरायसाठीच हाय. त्याच्यानंतर लेकरं बसतेत कुठं यात, पळतेत सगळीकडं.” विमलताई बोलल्या आणि मग त्यांनी अरसलानकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या नाहिदच्या जवळ सरकल्या. “ताई, माह्या बहिणीची पोरगी अशीच हाय. मागच्या गल्लीत एक दुकान हाय, तिथं मोठ्या लेकरायची बाबागाडी भेटते. खुर्ची नाही, बाबागाडीच हाय ते. आम्ही तिथूनच नेली.”

मागच्या गल्लीतल्या दुकानाला ससे नव्हते. दर्शनी भागात कुबड्या टांगल्या होत्या, कमरेचे पट्टे होते, एका रांगेत चाकाच्या खुर्च्या होत्या. चाचा पायरीवरच थांबले. नाहिद पोराला घेऊन आत गेली. तिने मागे वळून बोलावलं नाही, आणि त्याबद्दल चाचांनी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

बाहेरून त्यांना सगळं दिसत होतं. दुकानदाराने आतून एक हिरवी गाडी आणली. खुर्चीही नव्हती आणि तान्ह्या बाळाची गाडीही नव्हती. दोन्हींच्या मधलं काहीतरी. चाकं मोठी, सायकलच्या चाकांसारखी हवा भरायची. छातीला पट्टा, पाठीला आधार आणि खाली पाय ठेवायला एक पाटी. नाहिदने विचारलं, पोरगा वाढीन तवा काय करायचं?

“ही पाटी खाली सरकते न, ताई,” दुकानदार म्हणाला. “हे पाहा, भोकं पाडलेले हायेत. पोरगं वाढलं की खीळ काढायची, एक भोक खाली लावायची. दर वर्षी पाहून घ्यायचं.”

“दर वर्षी?” पायरीवरून चाचांचा आवाज आला.

“हो न, काका. पोरगं वाढायचं थोडीच थांबते.”

चाचा आत आले. त्यांनी वाकून ती भोकं पाहिली, एकाखाली एक, सारख्या अंतरावर पाडलेली. कुठल्यातरी कारखान्यातल्या कारागिराने हे काम केलं होतं, आणि करताना त्यालाही ठाऊक होतं की पोर वाढेल आणि बसलेलंच असेल. चाचांना त्या न पाहिलेल्या माणसाचा आधी राग आला. मग त्यांचा हात पाटीवरून फिरला. कड नीट घासलेली होती, पायाला लागणार नाही अशी. पोराबरोबर वाढणारी गाडी त्यांनीही बनवलीच होती. फरक एवढाच, की या गाडीला अरसलान जसा होता तसा चालणार होता.

दुकानदार खीळ काढायला पुढे झाला. “मी लावतो,” चाचा म्हणाले आणि गुडघे टेकून बसले. पाटी एकदा वर घेतली, जास्त झाली. एक भोक खाली घेतली. मग त्यांनी पोराचं एक पाऊल उचलून आधी टाच टेकवली, मग चवडा. तसंच दुसरं. दोन्ही तळवे पाटीवर सपाट बसले. एवढ्या वर्षांत त्या पायांखाली असं काही नीट आलं नव्हतं; कधी हवा होती, कधी आईची कंबर, कधी चटई. मान वर झाली, पाठ ताठ झाली. अरसलान एखाद्या साहेबासारखा इकडे तिकडे बघायला लागला.

चाचांनी त्याचे पाय धरूनच ठेवले होते. ते सोडवेनात. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. नाहिद पाठ फिरवून उगाच कुबड्या बघत राहिली.

“हेच घे,” शेवटी ते म्हणाले.

घाटंजीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी नाहिदला दांडी धरू दिली नाही. घरापर्यंत गाडी त्यांनीच ढकलली. कडेवरच्या पोराला आजवर जग दिसलं होतं ते मागे पळताना. आज ते समोरून येत होतं. “बकरी,” अरसलान म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “ट्रॅक्टर.” पाण्याच्या टाकीपाशी खेळणारी पोरं गाडीभोवती जमली, तेव्हा तो लाजून लालबुंद झाला. चाचा त्याच्या मागून चालत होते, दोन्ही हातांनी दांडी धरून. चाकं मात्र मुळीच कुरकुरत नव्हती. नव्या मालात ती खोडच नसते. चाचांना त्या शांततेचं वाईट वाटत राहिलं.

इंदूबाईंचा गाडा करायला त्यांनी बाजाराच्या आदल्या दिवशी लाकूड काढलं, माप घेतलं, आणि तसंच परत ठेवून दिलं. मग कोपऱ्यातल्या फळ्या बाजूला केल्या. उंच गाडा ओढून उजेडात आणला आणि करवत घेतली. जोड दिलेलं प्रत्येक लाकूड वेगळ्या रंगाचं होतं. ज्या ईदला जे हाताशी होतं ते लावलेलं. शेवटच्या ईदचा जोड आधी कापला. मग त्याच्या आधीच्या ईदचा, मग त्याच्याही आधीचा. करवतीचा आवाज ऐकून नाहिद दारात आली. तिने पाहिलं, तोंडावर ओढणी धरली आणि आत निघून गेली. कापून कापून गाडा खाली त्या पहिल्या सागवानापर्यंत आला, तेव्हा चाचांनी दांडी पुन्हा बसवली. बुटकासा, देखणा गाडा. अंगणात कोणी पहिलं पाऊल टाकावं एवढाच.

बाजाराच्या दिवशी इंदूबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. दुकानापुढे नवी हिरवी गाडी उभी होती आणि तीत अरसलान पट्टा लावून ऐटीत बसला होता. इंदूबाईंनी त्याच्या गालाला हात लावला, बोटं मोडून दृष्ट काढली. मग गाडा पाहिला. दांडीखालचे ताजे काप पाहिले. कोपऱ्यातली रिकामी जागाही पाहिली.

“पाय लावले का, भाऊ?” त्यांनी सवयीने विचारलं.

चाचांना खोटं बोलता आलं असतं. “नाही, वहिनी,” ते म्हणाले. “या गाड्याले अजून कोणाचाच पाय नाही लागला. खरं सांगतो. मनात आलं असन त राहू द्या, दुसरा बनवतो.”

इंदूबाईंनी गाडा स्वतःकडे ओढला. मग त्यांनी नातवाला कडेवरून उतरवलं, त्याच्या मुठी दांडीवर ठेवल्या. “त्यात काय, भाऊ. माह्या नातवाचा लागू द्या पह्यला. नशीब लागते त्याले.”

पोरगं लटपटत उभं राहिलं. गाडा जरासा पुढे सरला आणि ते घाबरून थबकलं, ओठ काढून रडायच्या बेताला आलं.

“उचल,” हिरव्या गाडीतून आवाज आला. अरसलानने मान पुढे काढली होती, दोन्ही हात उंच केले होते. प्रत्येक शब्दाला त्याला सगळं अंग लावावं लागत होतं. “उचल पाय... बेटा... उचल!”

ती हाक चाचांची होती, तोच सूर, तोच लाड. पोराने आवाजाकडे पाहिलं, हसलं, आणि पाय उचलला. चाक कुरकुरलं. आणखी एक पाऊल पडलं, पुन्हा कुरकुरलं. घरात, नाहिदच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

टाळ्या पिटण्याच्या भरात अरसलानने एवढं अंग हलवलं, की त्याची गाडी उतारावर बोटभर सरकली. चाचा चटकन पुढे झाले.

“ब्रेक हाय अब्बा तिले,” नाहिद दारातून म्हणाली.

“असू दे.”

त्यांनी भुशात पडलेला एक कापलेला जोड उचलला, शेवटच्या ईदचा, आणि तो हिरव्या गाडीच्या चाकाखाली नीट दाबून लावला. गाडी जागच्या जागी थांबली. समोर इंदूबाईंचा नातू कुरकुरत टाकीकडे निघाला होता आणि अरसलान त्याला जोरजोरात पाय उचलायला सांगत होता.